विज्ञानकथेच्या रसिकांचा गोतावळा

वाङ्मयाचा इतिहास म्हणजे ग्रंथकारांचा इतिहास, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. कोणी काय लिहिलें, केव्हां लिहिलें, त्यावर कोणाची छाया पडली, एवढें सांगितलें कीं इतिहासकार हात झटकून मोकळा होतो. वाचणारा या इतिहासांत कोठेंच नसतो. फार तर ‘हें पुस्तक लोकप्रिय झालें’ या चार शब्दांत त्याची बोळवण होते. इतर वाङ्मयप्रकारांपुरतें हें कदाचित् चालूनही जाईल. परंतु विज्ञानकथा म्हणून जो प्रकार गेल्या शंभर वर्षांत अमेरिकेंत व इंग्लंडांत वाढला, त्याचा इतिहास वाचकाला वगळून लिहूं गेल्यास तो अर्धाही लिहिला जाणार नाहीं, असें आमचें मत आहे. त्या मताच्या पुष्ट्यर्थ कांहीं हकीकती येथें मांडण्याचा विचार आहे.

आरंभींच एक कबुली देऊन टाकतों. आम्ही धंद्यानें अध्यापक. शेक्सपिअर व मिल्टन शिकविण्यांत आमच्या आयुष्याचा मोठा भाग गेला. परंतु वसतिगृहांत असतांना आमच्या उशाखालीं जें पुस्तक असे तें मिल्टनचें नव्हतें. तें आयझॅक आसिमॉव्हचें होतें, आणि त्याला खाकी कागदाचें वेष्टन घालून वर एका प्रतिष्ठित ग्रंथाचें नांव लिहिलेलें होतें. एका वडीलधाऱ्या गुरुजनांनीं तें वेष्टन एके दिवशीं उलगडून पाहिलें आणि, हें पोरकट वाचन केव्हां सुटणार, म्हणून विचारलें. आम्हीं उत्तर दिलें नाहीं. प्रस्तुत लेख म्हणजे तें उशिरा दिलेलें उत्तर होय, असें कोणी म्हटल्यास आमची हरकत नाहीं.

ह्यूगो गर्न्सबॅक हा लक्झेंबर्ग येथें १८८४ सालीं जन्मलेला व १९०४ सालीं अमेरिकेस आलेला गृहस्थ. त्याचा धंदा विजेचीं आणि बिनतारी यंत्रांचीं सुटीं उपकरणें विकण्याचा व त्या धंद्यास पूरक अशीं मासिकें काढण्याचा. एप्रिल १९२६ मध्यें त्यानें ‘अमेझिंग स्टोरीज’ हें मासिक सुरू केलें. केवळ विज्ञानकथेला वाहिलेलें इंग्रजी भाषेंतील हें पहिलें मासिक. किंमत पंचवीस सेंट. पहिल्या अंकांत नवें असें कांहीं नव्हतें. ज्यूल व्हर्न, एच. जी. वेल्स, एडगर ॲलन पो यांच्या जुन्याच कथा त्यानें पुन्हां छापल्या. साहित्यिक या नात्यानें गर्न्सबॅकची योग्यता बेताचीच होती. त्याची स्वतःची कादंबरी आज वाचवत नाहीं. पण या व्यापारी माणसानें एक गोष्ट अशी केली कीं, तिच्यापुढें त्याचे पुष्कळ दोष आम्ही पोटांत घालण्यास तयार आहों. त्यानें वाचकांच्या पत्रांचें सदर काढलें आणि पत्राखालीं लिहिणाराच्या नांवाबरोबर त्याचा पुरा पत्ता छापण्याचा प्रघात पाडला.

वाचकांस ही बाब क्षुल्लक वाटेल. पण क्षणभर विचार करून पाहावा. कोण्या एका गांवीं पंधरा वर्षांचा मुलगा मंगळावरील कालव्यांविषयीं आणि काळाच्या यंत्राविषयीं वाचीत बसतो. घरांत त्याचें हंसें, शाळेंत त्याचें हंसें. असला वेडा जगांत आपण एकटेच, अशी त्याची खात्री होत चाललेली असते. आणि एक दिवस मासिकाच्या शेवटच्या पानांत, बारीक टाइपांत, दुसऱ्या एका वेड्याचें नांव, रस्ता आणि घराचा क्रमांक त्याच्या दृष्टीस पडतो. तो पोस्टाच्या एका तिकिटाचा खर्च करतो. संपादकाला बाजूस ठेवून वाचकाचा वाचकाशीं पत्रव्यवहार सुरू होतो. आमच्या मतें या वाङ्मयाचा खरा जन्म पहिला अंक निघाला त्या दिवशीं झाला नसून या तिकिटाबरोबर झाला.

हीं मुलें बहुधा सामान्य स्थितींतील होतीं. न्यूयॉर्कमधील कित्येक तर नुकत्याच युरोपांतून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांतील होतीं. आसिमॉव्हचा जन्म रशियांतला. त्याच्या वडिलांचें ब्रुकलिनमध्यें गोळ्या-चॉकलेटें व मासिकें विकण्याचें दुकान. दुकानांतलीं भडक मासिकें मुलानें वाचूं नयेत असा वडिलांचा कडक दंडक होता. १९२९ सालीं गर्न्सबॅकचें दिवाळें वाजून ‘अमेझिंग’ त्याच्या हातून गेलें आणि त्यानें ‘सायन्स वंडर स्टोरीज’ हें नवें मासिक काढलें. नऊ वर्षांच्या आयझॅकनें त्या नांवांतील ‘सायन्स’ हा शब्द वडिलांस दाखविला आणि हें शास्त्रीय वाचन आहे असें पटवून परवानगी मिळविली! आमच्या खाकी वेष्टनाचा हा थोर पूर्वज आम्हांस पुष्कळ वर्षांनीं त्याच्या आत्मवृत्तांत भेटला, तेव्हां झालेला आनंद काय वर्णावा.

पत्रांतून मंडळें निघालीं. शिकागोच्या एका मंडळानें मे १९३० मध्यें ‘द कॉमेट’ या नांवाचें चोपडें चक्रमुद्रित करून सभासदांना वाटलें. रसिकांनीं रसिकांसाठीं काढलेल्या नियतकालिकांत पहिला मान सामान्यतः यालाच देतात. त्याचा संपादक रेमंड पामर पुढें १९३८ सालीं खुद्द ‘अमेझिंग स्टोरीज’चा संपादक झाला. १९३२ सालीं न्यूयॉर्कमध्यें जूलियस श्वार्ट्झ, मॉर्ट वाइझिंगर आदि मुलांनीं ‘द टाइम ट्रॅव्हलर’ काढलें. त्याच सुमारास क्लीव्हलंड शहरांत जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन शाळकरी मित्रांनीं ‘सायन्स फिक्शन’ नांवाचें असेंच चोपडें चालविलें व जानेवारी १९३३ च्या अंकांत ‘सुपरमॅन’ नांवाच्या एका दुष्ट माणसाची गोष्ट छापली. पांच वर्षांनीं तोच सुपरमॅन सज्जन होऊन, निळा अंगरखा व तांबडा झगा घालून, सर्व जगास परिचित झाला. १९३३ सालींच चार्ल्स हॉर्निग नांवाच्या सतरा वर्षांच्या मुलानें स्वतः काढलेलें चोपडें गर्न्सबॅककडे पाठविलें. तें पाहून गर्न्सबॅकनें त्याला ‘वंडर स्टोरीज’च्या संपादकाच्या खुर्चींत बसविलें! आपल्याकडे सतराव्या वर्षीं मुलाला वर्गाच्या हस्तलिखितांत कविता घालण्यासाठींही चार जणांचे उंबरे झिजवावे लागतात.

१९३४ सालीं गर्न्सबॅकनें या विखुरलेल्या मंडळींची एक मोठी संस्था केली व तिला ‘सायन्स फिक्शन लीग’ असें नांव दिलें. मासिकाचा खप वाढावा हा हेतु उघडच होता. पण संस्था म्हटली कीं हक्क आले, आणि हक्क आले कीं भांडण आलें. डॉनल्ड वॉल्हाइम हा विशींच्या आंतबाहेरचा तरुण. त्याची कथा गर्न्सबॅकनें छापली, मोबदला मात्र दिला नाहीं. चौकशी करतां अशाच रीतीनें फसलेले आणखी लेखक त्याला आढळले. सर्वांनीं मिळून वकील दिला; प्रकरण न्यायालयाबाहेर पंचाहत्तर डॉलरांवर मिटलें. थोड्याच अवधींत वॉल्हाइमला संस्थेंतून काढून टाकण्यांत आलें. ज्या मनुष्यानें पत्ते छापून लोकांना एकत्र आणलें, त्यानेंच आपले पैसे मागणाराचें नांव यादींतून खोडलें!

येथपासून या गोतावळ्याच्या इतिहासांत दाराचा प्रश्न सुरू होतो. कोणाला आंत घ्यावयाचें, कोणाला नाहीं, आणि तें ठरविणार कोण? न्यूयॉर्कमध्यें दोन तट पडले. एकीकडे वॉल्हाइम, फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लूथ, रॉबर्ट लाउंड्स, जॉन मिशेल वगैरे ‘फ्यूचेरियन’ म्हणविणारी मंडळी. यांच्यांतील कांहीं साम्यवादाकडे झुकलेले होते. विज्ञानकथा वाचणारानें उद्यांच्या समाजरचनेचा विचार केलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. दुसरीकडे सॅम मॉस्कोविट्झ, विल्यम सायकोरा व जेम्स टॉरासी. यांना राजकारण नको होतें. वयें पाहिलीं तर बहुतेक सारे विशीच्या आंतबाहेरचे; परंतु एकमेकांविरुद्ध काढलेलीं पत्रकें आज वाचावीं तर दोन साम्राज्यांचा तंटा चालला आहे असें वाटावें.

१९३९ सालीं न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरलें होतें. त्याचें निमित्त साधून या मंडळींनीं २ ते ४ जुलै असें तीन दिवसांचें संमेलन भरविलें आणि प्रदर्शनाच्या धर्तीवर त्यालाही बेधडक ‘जागतिक’ हें विशेषण लाविलें. जागा मॅनहॅटनमधील कॅरॅव्हॅन हॉल. उपस्थिति सुमारें दोनशें. सन्माननीय पाहुणा कोणी लेखक नव्हता. मासिकांच्या मुखपृष्ठांवर अवकाशयानें रंगविणारा चित्रकार फ्रँक पॉल होता. लॉस एंजेलिसहून फॉरेस्ट ॲकरमन आला व त्यानें उसने दिलेल्या पैशांवर अठरा वर्षांचा रे ब्रॅडबरीही आला. ॲकरमन आणि त्याची सहकारी मर्टल डग्लस या दोघांनीं भविष्यकाळांतील माणसांचा पोशाख केला होता. संमेलनांत वेषांतर करून जाण्याचा जो प्रघात आज हजारों लोक पाळतात, त्याचा उगम या जोडींत आहे. कपडे दोघांचेही मर्टल डग्लसनें शिवले होते. पण पुढें कैक वर्षें या गोष्टीचें श्रेय एकट्या ॲकरमनच्या नांवावर जमा होत राहिलें. इतिहास वाचणारानें अशा जागीं थोडें थांबावें.

पहिल्या दिवशीं वॉल्हाइम, पोल, कॉर्नब्लूथ, लाउंड्स, मिशेल आणि जॅक गिलेस्पी हे सहा जण दाराशीं आले व त्यांना आंत सोडण्यांत आलें नाहीं. सभागृहाजवळ चालकांची निंदा करणारें एक पिंवळें पत्रक सांपडलें होतें; तें आणणारा डेव्हिड काइल तेव्हां दाराशीं उभाही नव्हता. दंगा करणार नाहीं असें वचन द्या, मग आंत या, असें आम्हीं म्हटलें होतें, हें चालकांचें म्हणणें. वचन मागणारे तुम्ही कोण, हा या सहांचा प्रश्न. त्यांच्याच तटाचा आसिमॉव्ह मात्र सहज आंत गेला आणि बसून राहिला. त्याची टोंचणी त्याच्या मनाला नंतर लागून राहिली, असें त्यानेंच नमूद केलें आहे. विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या, नुकत्याच दोन-तीन कथा छापून आलेल्या तरुणाला मित्रांसाठीं उठून बाहेर पडणें अवघड गेलें असेल, हें आम्ही समजूं शकतों. परंतु त्यानें तें लपविलें नाहीं, यासाठीं आमच्या मनांत त्याची किंमत अधिक आहे.

न्याय कोणाच्या बाजूस होता? सभा भरविणाराला ती निर्वेध पार पाडण्याचा अधिकार असतो, हें आम्हांस मान्य आहे. पत्रकाची भाषाही कांहीं मवाळ नव्हती. तरीही आमचें मन त्या सहांकडे झुकतें. जगाच्या हंशाला कंटाळून ज्यांनीं हें घर बांधलें, त्यांनींच पहिल्या मोठ्या उत्सवाच्या दिवशीं आपल्यांतल्या सहांना रस्त्यावर उभें केलें. आणि कारण काय, तर भविष्याविषयींचे त्यांचे विचार फार तिखट होते! पुढें काय झालें तेंही पाहण्यासारखें आहे. पोल वर्ष पुरें होण्यापूर्वींच दोन मासिकांचा संपादक झाला. पोल व कॉर्नब्लूथ या जोडीची ‘द स्पेस मर्चंट्स’ ही जाहिरातदारांच्या राज्यावरील कादंबरी १९५३ सालीं पुस्तकरूपानें आली व या शाखेंतील अव्वल कृतींत गणली गेली. वॉल्हाइमनें १९४३ सालीं स्वस्त आवृत्तींत विज्ञानकथांचा पहिला संग्रह काढला आणि १९७१ सालीं स्वतःची प्रकाशनसंस्था उभारली. मॉस्कोविट्झनें आपल्या बाजूनें या सर्व भांडणांचा सविस्तर इतिहास लिहून १९५४ सालीं ‘द इमॉर्टल स्टॉर्म’ या भारदस्त नांवानें प्रसिद्ध केला. दुसरी बाजू मांडणारा डेमन नाइटचा ग्रंथ निघावयास १९७७ साल उजाडलें. तेवीस वर्षें एकच कैफियत दप्तरीं दाखल होती, हें विसरूं नये.

इंग्लंडांतील हकीकत शांत आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. लीड्स शहरीं ३ जानेवारी १९३७ रोजीं थिऑसॉफिकल हॉलमध्यें वीसएक मंडळी जमली. नियोजनपूर्वक भरविलेलें पहिलें संमेलन हेंच, असें पुष्कळांचें मत आहे. (अड्यारच्या थिऑसॉफीचें छप्पर यांच्या डोक्यावर असावें, ही गंमत आम्हां हिंदी वाचकांस विशेष वाटेल.) हजर असलेल्यांत एकोणीस वर्षांचा आर्थर क्लार्क हा सरकारी हिशेबखात्यांतील कारकून होता. यानेंच ऑक्टोबर १९४५ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’मध्यें पृथ्वीभोंवतीं स्थिर भासणाऱ्या तीन उपग्रहांच्या द्वारें सर्व जगभर संदेश पोंचवितां येतील असें गणित मांडून दाखविलें. वाचनवेड हें जगापासून पळून जाणें आहे, असें म्हणणारांनीं आपल्या घरावरील दूरदर्शनच्या तबकडीकडे एकवार मान वर करून पाहावें.

वाचक आणि संपादक यांचें नातें या प्रांतांत किती घरोब्याचें होतें, याचा एक मासला सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. जॉन कॅम्बेल याच्या ‘अस्टाउंडिंग’ मासिकाच्या नोव्हेंबर १९४८ च्या अंकांत एका वाचकाचें पत्र आलें. त्यानें नोव्हेंबर १९४९ चा, म्हणजे एक वर्षानंतरचा, अंक आपण वाचला असें भासवून त्यांतील कथांचें गुणदोषविवेचन केलें होतें. कोणत्या लेखकाची कोणती कथा, तींत कोण वरचढ ठरली, सारें यथासांग. कॅम्बेलनें पत्र छापलें व स्वस्थ बसला. आंतून मात्र त्यानें हाइनलाइन, स्टर्जन आदि लेखकांना गांठलें, आणि वर्षानें तो अंक निघाला तेव्हां त्यांत पत्रांत सांगितलेल्या बहुतेक कथा खरोखरीच होत्या! वाचकाची थट्टा संपादकानें आज्ञा मानली, असें दुसरें उदाहरण आमच्या वाचनांत नाहीं.

यापुढें रंगभूमि बदलली. टेलिव्हिजन आला आणि वाचकाच्या जोडीला प्रेक्षक उभा राहिला. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजीं अमेरिकेंत सुरू झाली. निर्माता जीन रॉडेनबेरी त्याच्या आठवडाभर आधीं आपलें चित्र घेऊन क्लीव्हलंडच्या जागतिक संमेलनास गेला होता. पंचांचा कौल आधीं घ्यावा, तसें. दुसऱ्या वर्षींच मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली. तेव्हां ब्यो ट्रिंबल व तिचे पति जॉन या दांपत्यानें पत्रांची मोहीम उघडली. छापील नमुना नको, ज्यानें त्यानें स्वतःच्या शब्दांत लिहावें आणि ओळखीच्यांस लिहावयास सांगावें, एवढाच मंत्र. कंपनीनेंच दिलेला आंकडा एक लाखावर पत्रांचा आहे. १ मार्च १९६८ रोजीं, मालिका चालू राहील, कृपा करून आतां पत्रें थांबवा, अशा अर्थाची घोषणा कंपनीस पडद्यावरून करावी लागली. तिसरें वर्ष संपतांच १९६९ सालीं मालिका बंद झाली ती झालीच. पण त्या वर्षानें भागांची संख्या एकूणऐंशीवर नेली, आणि एवढा सांठा असल्यामुळेंच गांवोगांवच्या केंद्रांवर ती रोज पुनःपुन्हां दाखवितां आली. तिची खरी कीर्ति झाली ती या पुनरावृत्तींतून. जानेवारी १९७२ मध्यें न्यूयॉर्कला भरलेल्या तिच्या संमेलनास कांहीं शें लोक येतील असा चालकांचा अंदाज होता. तीन हजारांवर आले.

या नव्या गर्दींत स्त्रिया फार मोठ्या संख्येनें होत्या. मालिकेवरचें पहिलें रसिकांचें नियतकालिक १९६७ सालीं निघालें तें स्त्रियांनींच काढलें. आणि येथें पुन्हां तोच दाराचा प्रश्न आला! जुन्या पुस्तकवाचकांना हे टेलिव्हिजनवाले उथळ वाटूं लागले. यांनीं वेल्स वाचला नाहीं, यांना आमचा इतिहास ठाऊक नाहीं, अशी कुजबुज सुरू झाली. जे शब्द १९३० मध्यें त्यांच्या शिक्षकांनीं त्यांना ऐकविले होते, जवळजवळ तेच. आम्ही यांत निर्दोष आहों असें नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत ही मालिका दूरदर्शनवर रविवारीं सकाळीं लागे. ती पाहून आल्यावर, ‘तुम्हीं नुसतें पाहिलें, आम्हीं मूळ वाङ्मय वाचलें आहे’, असा आव धाकट्या भावंडांपुढें आम्हींही आणलेला आहे.

मराठीपुरतें बोलावयाचें तर एकच प्रसंग आठवतो. मराठी विज्ञान परिषदेनें १९७४ सालीं विज्ञानकथास्पर्धा घेतली. तींत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलें बक्षीस मिळालें. लेखकाचें नांव नारायण विनायक जगताप. हा जगताप म्हणजे आपल्या नांवाचीं आद्याक्षरें उलटीं करून स्पर्धेंत उतरलेले जयंत विष्णु नारळीकर. अक्षर ओळखूं येऊं नये म्हणून हस्तलिखित पत्नीकडून लिहवून घेतलेलें. त्यांचे गुरु फ्रेड हॉइल यांनीं स्वतः १९५७ सालीं विज्ञानकादंबरी लिहिली होती, तेव्हां या छंदाची त्यांना लाज वाटण्याचें कारण नव्हतें. नांवाच्या वजनावर नव्हे, इतर चार हौशी लेखकांच्या रांगेंत उभें राहून आंत यावयाचें, ही त्यांची इच्छा आम्हांस फार लोभस वाटते. २०२५ सालीं ते गेले, तेव्हां आकाशाकडे पाहावयास त्यांच्या कथांनीं शिकविलें असें सांगणारे किती तरी लोक निघाले.

शेवटीं एक हकीकत सांगतों. इंग्लंडांत बी.बी.सी.नें १९६३ सालीं ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू केली. त्या काळीं चित्रफिती महाग, आणि एकदां दाखविलेला भाग पुन्हां कोण पाहणार, अशी समजूत; म्हणून बी.बी.सी.नें जुन्या फिती पुसल्या, कांहीं टाकून दिल्या. पहिल्या सहा वर्षांतील नव्वदांहून अधिक भाग असे नाहींसे झाले. पण ज्या वेळीं ते दाखविले जात होते, त्याच वेळीं निरनिराळ्या गांवीं कांहीं मुलें ध्वनिमुद्रणाचें यंत्र घेऊन बसलीं होतीं. चित्र टिपण्याचें साधन घरांत कोणाजवळच नव्हतें. निदान आवाज तरी आपला करून ठेवावा, म्हणून कोणी ध्वनिग्राहक पडद्यापुढें धरला, कोणी यंत्राचा मागचा भाग उघडून तार जोडली. एकमेकांस ठाऊक नसलेल्या या मुलांच्या फिती पुढें पत्रांतून, मंडळांतून जुळत गेल्या. गहाळ झालेल्या प्रत्येक भागाचा संपूर्ण ध्वनि आज शिल्लक आहे. बी.बी.सी.नें तो विकत मिळण्याची सोय केली आणि त्याच ध्वनीवर नवीं रेखाचित्रें बसवून कित्येक भाग पुन्हां उभे केले. मूळ मालिका १९८९ सालीं थांबली होती. २००५ सालीं ती परत आणली रसेल डेव्हिस यानें, जो लहानपणापासून तिचा वेडा होता. २०१३ सालीं नायकाच्या भूमिकेसाठीं पीटर कपाल्डी याची निवड जाहीर झाली, तेव्हां त्याचें एक जुनें पत्र लोकांनीं शोधून काढलें. तें त्यानें पंधरा वर्षांचा असतांना, १९७४ सालीं, ‘रेडिओ टाइम्स’च्या संपादकांस लिहिलें होतें.